हौशी आणि धंदेवाईक : लाँगवुडची एक स्पर्धा

अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळ, चेस्टनट हिल येथे, लाँगवुड क्रिकेट क्लब ही १८७७ साली स्थापन झालेली संस्था आहे. क्रिकेट तेथून १९३३ सालीच अंतर्धान पावले. लाँगवुड हे नावही उसनेच. क्लबची पहिली जागा डेव्हिड सीअर्स या धनिकाच्या ज्या इस्टेटीत होती, तिला त्याने सेंट हेलेना बेटावरील नेपोलियनच्या निवासस्थानाचे नाव दिले होते. १९०० साली डेव्हिस चषकाचा पहिला सामना या क्लबच्याच हिरवळीवर झाला. अशा कुलीन वास्तूत धंदेवाईक टेनिसपटूंना आश्रय मिळावा, हे नवलच म्हटले पाहिजे.

कारण त्या काळी टेनिसमध्ये सोवळेओवळे कडक होते. खेळून उघडपणे पैसा घेणाऱ्यास विंबल्डनची दारे बंद होत. हौशी म्हणविणाऱ्यांना प्रवासखर्चाच्या नावाखाली आडून पैसे मिळत, ते मात्र चालत असे! रॉड लेव्हरने १९६२ साली चारही मोठी अजिंक्यपदे जिंकली, तो धंदेवाईक झाला आणि पुढील पाच वर्षे त्या चारही स्पर्धांना मुकला.

धंदेवाईकांची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा १९२७ पासून होती; पण तिला हक्काचे घर नव्हते. न्यूयॉर्क, शिकागो, क्लीव्हलंड अशी ती फिरत राहिली. १९६३ साली फॉरेस्ट हिल्स येथे केन रोझवॉलने लेव्हरला हरवून ती जिंकली. परंतु तिजोरीत खडखडाट असल्याने विजेत्याच्याही हाती काही पडले नाही. स्पर्धा तेथेच संपावयाची.

१९६४ साली बॉस्टनमधील एका बँकेने दहा हजार डॉलर देऊ केले आणि लाँगवुडने आपली हिरवळ दिली. त्या वर्षीचा अंतिम सामना भर पावसात झाला. एका बाजूस ही स्पर्धा आठ वेळा जिंकलेला, छत्तीस वर्षांचा पांचो गोन्झालेस. दुसऱ्या बाजूस पंचविशीतला लेव्हर. निसरड्या गवतावर लेव्हरने पहिला डाव गमावून पुढचे तीन जिंकले. त्याला २,२०० डॉलर मिळाले. रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण ती खरोखर हाती पडली, हे महत्त्वाचे. लेव्हरने हे अजिंक्यपद लाँगवुडला पाच वेळा मिळविले.

१९६८ साली विंबल्डनने हौशी-धंदेवाईक भेद सोडला. बहिष्कृतांचे घर म्हणून या स्पर्धेला जे महत्त्व होते, ते त्याच दिवशी ओसरू लागले, असे म्हणावयास हरकत नाही. तरी काही काळ तिचे बरे चालले. तिने गवत टाकून माती स्वीकारली. १९७५ ते १९७७ या काळात अमेरिकन खुली स्पर्धाही मातीवरच होत असल्याने पूर्वतयारीसाठी मोठे खेळाडू लाँगवुडला येत. ब्यॉर्न बोर्गने १९७४ पासून ओळीने तीन वेळा येथे विजय मिळविला. १९७८ साली अमेरिकन खुली स्पर्धा फ्लशिंग मेडोजच्या टणक मैदानावर गेली. मग ऐन उन्हाळ्यात मातीवर घाम गाळावयास कोण येणार? नामांकित खेळाडूंची ये-जा मंदावली, आणि पुढे काही वर्षे स्पर्धा अधिकृत मालिकेबाहेरही राहिली.

१९९९ साली ती शेवटची भरली. मरात साफिन या एकोणीस वर्षांच्या रशियन मुलाने ती जिंकली. मोठ्या व्यावसायिक मालिकेतील त्याचे ते पहिलेच विजेतेपद. पुढल्याच वर्षी त्याने अमेरिकन खुल्या स्पर्धेत पीट सॅम्प्रसला हरविले.