उजवे वळण : एका रांगेचा इतिहास

मोठ्या चौकात उजवीकडे वळणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका आखलेली असते. तिच्यात दहा-बारा वाहने रांगेत उभी असतात. इतक्यात एखादे वाहन सरळ जाणाऱ्यांच्या मार्गिकेतून पुढे येते, रांगेच्या तोंडाशी आडवे घुसते आणि दिवा हिरवा होताच सगळ्यांच्या आधी वळून निघून जाते. नागपूर, पुणे, मुंबई, कुठेही हे रोज दिसते. आपण त्याला बेशिस्त म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण ही रांग मुळात का लावावी लागली, हे पाहिले तर या बेशिस्तीत नेमके काय मोडते ते कळते.

सुरुवात फळ्यावर करू. चार रस्ते मिळणारा चौक काढा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून प्रत्येक रस्त्यावरून डावे वळण, सरळ मार्ग आणि उजवे वळण अशा तीन रेघा काढा. बारा रेघा झाल्या. आता त्या एकमेकींना कुठे छेदतात ते मुलांना मोजू द्या. उत्तर येते १६. त्यांपैकी चारच छेद सरळ जाणाऱ्या रेघांचे आपसातले आहेत. बाकीच्या बाराही छेदांत निदान एक रेघ उजव्या वळणाची असते. डावे वळण मात्र कोणालाच छेदत नाही. ते फक्त दुसऱ्या प्रवाहात मिसळते. चौकातल्या अपघाताच्या जागा शोधायच्या तर पहिले बोट उजव्या वळणावर पडते, ते यामुळे.

या बारा छेदांवर माणसाने दोन प्रकारचे उपाय शोधले. पहिला उपाय जागेचा. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली विल्यम ईनो यांच्या प्रयत्नाने कोलंबस सर्कलला वाहने एकाच दिशेने फिरू लागली. १९०७ मध्ये पॅरिसच्या एत्वाल चौकात युजेन हेनार यांची तशीच कल्पना अमलात आली. गोल चौकात छेद उरतच नाहीत. आपल्याकडच्या गोल चौकात प्रत्येकजण डावीकडून शिरतो आणि डावीकडेच बाहेर पडतो. उजवे वळण म्हणजे पाऊण फेरी! पण त्याला जागा फार लागते, आणि वाहने वाढली की गोल स्वतःच तुंबतो.

दुसरा उपाय वेळेचा. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेतून पहिला सिग्नल उभा राहिला. दिवसा रेल्वेसारखे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग थांबला. विजेचा सिग्नल ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला आला. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी चारही बाजूंना तीन रंग दाखवणारा सिग्नल बसवला.

आता पुन्हा फळ्याकडे पाहू. साधा सिग्नल आधी उत्तर-दक्षिण रस्ता सोडतो, मग पूर्व-पश्चिम. त्याने १६ पैकी १२ छेद मिटतात, चार उरतात. हे चारही एकाच जातीचे आहेत : उजवीकडे वळणारा आणि समोरून सरळ येणारा. साध्या सिग्नलला जे सोडवता आले नाही ते नेमके हे. त्यासाठी उजव्या वळणाला वेगळा वेळ, म्हणजे बाणाचा दिवा द्यावा लागतो. आणि वेळ वेगळा द्यायचा तर माणसे आधीच वेगळी उभी हवीत. नाहीतर बाण लागतो तेव्हा सरळ जाणारा पुढे अडून बसतो, आणि सरळचा दिवा लागतो तेव्हा वळणारा. वेळेची वाटणी करण्याआधी जागेची वाटणी लागते. उजव्या वळणाची मार्गिका ही ती वाटणी.

आपल्याकडे रस्त्यांचा देशपातळीवर विचार सुरू झाला तो १९२७ मध्ये नेमलेल्या समितीपासून. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. समितीच्या शिफारशींवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे झालेला वीस वर्षांचा आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो. चांगल्या शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. त्या काळाचा प्रश्न रस्ता गावापर्यंत नेण्याचा होता. पण रस्त्यांचे जाळे विणले की गाठी आपोआप पडतात, आणि प्रत्येक गाठ म्हणजे एक फाटा किंवा चौक.

यवतमाळ जिल्ह्यातले मारेगाव अशाच जाळ्यावरचे तालुक्याचे गाव. ते वणी-करंजी रस्त्यावर आहे, आणि करंजीला हा रस्ता नागपूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो. कापसाच्या गाड्या, वणीच्या पट्ट्यातला कोळसा, एसटी, मोटारसायकली आणि शाळेला निघालेल्या सायकली अशी सरमिसळ वाहतूक या भागात चालते. शहरातली रंगवलेली मार्गिका इथे दर फाट्यावर कशी असणार? तरी नियम आहे. उजवीकडे वळणाऱ्याने आधी रस्त्याच्या मध्याकडे सरकावे, असे १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत होते. (२०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.) म्हणजे रंग नसला तरी मार्गिका असतेच. मध्याकडे सरकलेले वाहन मागच्यांना आणि समोरच्यांना सांगत असते, ‘मी वळणार आहे.’

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार इथे आहे. चालकांना एकमेकांशी बोलता येत नाही. हात दाखवणे, दिवा लुकलुकवणे आणि योग्य जागी उभे राहणे एवढीच त्यांची भाषा. डाव्या बाजूने येऊन एकदम उजवीकडे वळणारा ट्रक या भाषेत खोटे बोलतो. त्याच्या उजवीकडून विश्वासाने सरळ निघालेल्या सायकलवाल्या मुलाला ते खोटे वेळेत ओळखता येत नाही.

वेळेचा हिशेबही पाहू. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये सिग्नलच्या वेळा ठरवण्याचे गणित मांडले. आपल्याकडच्या १९८५ च्या सिग्नलविषयक मार्गदर्शिकेतही त्याचा आधार आहे. त्यांच्या हिशेबाने, समोरून वाहने येत असताना उजवीकडे वळणारे एक वाहन सरळ जाणाऱ्या पावणेदोन वाहनांइतकी वाट अडवते. साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेतून हिरव्या दिव्यात दर दोन सेकंदांना साधारण एक वाहन सुटते. समजा, घुसखोर चालक सरळ मार्गिकेच्या तोंडाशी फट मिळेपर्यंत दहा सेकंद थांबला. मागची पाच वाहने अडकली. रांग लांब असेल तर या हिरव्या दिव्यात पाच वाहने कमी सुटतील आणि पाच जणांना पुढच्या फेरीची वाट पाहावी लागेल. ती वाट एक मिनिटाची धरली, तर एकाने एक मिनिट मिळवले आणि पाच जणांनी एकेक मिनिट गमावले. हा वेळ वाचला नाही, दुसऱ्यांच्या खिशातून काढला गेला, आणि तोही पाचपट.

उजव्या वळणासाठी उजवीकडेच उभे राहावे, असा निसर्गाचा नियम नाही. ऑस्ट्रेलियातही वाहने डावीकडून चालतात. पण मेलबर्न शहराच्या मध्यभागी रस्त्याच्या मधून ट्राम धावते, म्हणून तिथल्या बऱ्याच चौकांत उजवीकडे वळणारा डाव्या कडेला थांबतो आणि ट्रामची वाट मोकळी ठेवतो. तिथे ते चालते, कारण सगळ्यांना तो करार ठाऊक आहे. मार्गिका कोणती, हे प्रत्येक ठिकाणी ठरवता येते. ठरल्यावर मात्र ती सगळ्यांनी पाळली तरच उपयोगी पडते.

सातवी-आठवीच्या मुलांना हे करून पाहता येईल. चौक दिसेल अशा ओट्यावर किंवा गच्चीत, रस्त्यापासून दूर, शिक्षकांच्या देखरेखीखाली अर्धा तास बसवावे. उजवीकडे वळणारी किती वाहने आधी मध्याकडे सरकली, किती डावीकडून एकदम वळली, आणि त्यामुळे किती जणांना ब्रेक दाबावा लागला, याची तीन रकान्यांत नोंद करावी. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा आलेख काढावा. हीच मुले चार-पाच वर्षांत स्वतः गाडी चालवू लागतील.