पीएस६ किती रुपयांना मिळणार? गेमिंग कन्सोलच्या किमतीचे व्हायरल आकडे कसे तपासायचे?

रील्स आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या गेमिंग कन्सोलच्या किमती सारख्या फिरत असतात. कुणी म्हणतं प्लेस्टेशन ६ पन्नास हजारांत येणार, कुणी म्हणतं लाखाच्या खाली मिळणारच नाही. यातलं खरं काय मानायचं?

यवतमाळ, पुसद किंवा वणीतल्या घरात हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नसतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या हिशोबाने ५४,९९० रुपयांचा कन्सोल म्हणजे जवळपास ७ क्विंटल कापूस. पोराला 'पुढच्या दिवाळीत घेऊ' असा शब्द देण्याआधी आकडा कुठून आला ते पाहायला हवं.

कंपन्यांनी आतापर्यंत काय सांगितलं आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी यांनी एएमडीसोबत सुरू असलेल्या नव्या तंत्रज्ञानाची माहिती दिली. ते काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये वापरायचा विचार असल्याचं ते म्हणाले, किमतीबद्दल मात्र बोलले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉल्व्हने 'स्टीम मशिन' जाहीर केलं, तेव्हाही किंमत सांगितली नाही. तेवढ्याच ताकदीच्या कॉम्प्युटरला जो खर्च येतो त्याच्या आसपास किंमत असेल, एवढाच इशारा दिला.

मग आकडे येतात कुठून?

साधारण तीन ठिकाणांहून. पहिलं, सुट्या भागांच्या खर्चाचा अंदाज. चिप, मेमरी, स्टोरेज यांची बेरीज करून विश्लेषक आकडा काढतात. पण कंपनी कन्सोल तोट्यात विकून गेम्समधून पैसे कमावणार की नाही, हे त्या बेरजेत दिसत नाही. २००६ मध्ये आलेला प्लेस्टेशन ३ सोनीने सुरुवातीला तोटा सोसूनच विकला होता.

दुसरं, ऑनलाइन दुकानांची पानं. उत्पादन यायच्या आधी पान तयार ठेवायचं म्हणून दुकानदार तात्पुरता आकडा टाकतो आणि त्याचाच स्क्रीनशॉट 'लीक' म्हणून फिरतो. तिसरं, डॉलरच्या किमतीचा केलेला सरळ गुणाकार. भारतात सगळ्यात जास्त गोंधळ यानेच होतो.

डॉलर गुणिले विनिमय दर: हे का चुकतं?

प्लेस्टेशन ५ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत तो नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डॉलर साधारण ७३ रुपयांना होता. म्हणजे सरळ हिशोबाने ३६,४०० च्या आसपास. प्रत्यक्ष किंमत होती ४९,९९० रुपये.

अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडच्या एमआरपीत मात्र जीएसटी असतो. जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. तो धरला की आकडा ४३ हजारांजवळ जातो. उरलेल्या सुमारे ७ हजारांत सीमाशुल्क, वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचा नफा येतो.

जुन्या किमतींवरून काही धागा मिळतो का?

थोडा मिळतो. २०१४ च्या सुरुवातीला प्लेस्टेशन ४ भारतात आला. अमेरिकेत ३९९ डॉलर, इथे ३९,९९० रुपये. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही ४९९ डॉलर, इथे ४९,९९० रुपये. म्हणजे एका डॉलरला साधारण १०० रुपये.

पण हा नियम नाही. एक्सबॉक्स सिरीज एस २९९ डॉलरचा असून इथे ३४,९९० रुपयांना आला, म्हणजे डॉलरला ११७ रुपये पडले. रुपया तेव्हापासून आणखी घसरला आहे. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतली किंमत तीच असताना सोनीने भारतात प्लेस्टेशन ५ ची किंमत ५४,९९० रुपये केली.

कन्सोल भारतात येईलच असं असतं का?

नाही. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ६९९.९९ डॉलरला आला, पण भारतात आला नाही. त्यातल्या वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना तेव्हा इथे परवानगी नव्हती. जून २०२५ मध्ये ४४९.९९ डॉलरला आलेला निन्टेन्डो स्विच २ इथे मिळाला तो बाहेरून आणलेला, कारण निन्टेन्डो भारतात अधिकृत विक्री करत नाही. अशा मालाची किंमत विकणारा ठरवतो आणि कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. बिघडलं तर दुरुस्तीसाठी नागपूरला नेऊनही काम होईल याची खात्री नाही.

थांबलं तर स्वस्त मिळेल का?

पूर्वी जुना कन्सोल दोन-तीन वर्षांत स्वस्त व्हायचा. आता तसं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने अमेरिकेतही प्लेस्टेशन ५ ची किंमत ५० डॉलरने वाढवली. एक्सबॉक्सच्या किमतीही त्याच वर्षी वाढल्या. त्यामुळे नव्या कन्सोलची घोषणा झाली की जुना पडत्या भावात मिळेल, हे गृहीत धरू नका.

मेसेज आला तर काय पाहाल?

• किंमत कंपनीच्या भारतातल्या अधिकृत पानावर आहे का?
• आकडा डॉलरचा आहे की रुपयांचा? कर धरून आहे का?
• जाहीरच न झालेल्या कन्सोलसाठी कुणी 'ॲडव्हान्स बुकिंग' मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. प्लेस्टेशन ५ चं भारतातलं प्री-बुकिंगही कंपनीने किंमत आणि तारीख जाहीर केल्यावरच, १२ जानेवारी २०२१ ला सुरू झालं होतं.
• पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. दुकानदाराने बिल किंवा वॉरंटी नाकारली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.