२००० तासांची कुळकथा

अमेरिकेत जुनं सेस्ना १७२ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक रंगरूप नंतर पाहतं. आधी विचारतं, ओव्हरहॉलनंतर इंजिन किती तास चाललंय? मनात आकडा २००० चा असतो. १९६८ पासून या विमानात बसू लागलेल्या लायकमिंग ओ-३२० इंजिनाला कंपनीनं घालून दिलेली ही दोन ओव्हरहॉलमधली, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करण्यामधली, मुदत. तिला टीबीओ म्हणतात.

या आकड्याचे पूर्वज फारच अल्पायुषी होते. पहिल्या महायुद्धातल्या ग्नोम, ल रोन इंजिनांत क्रँकशाफ्ट स्थिर आणि सिलिंडरच गरगर फिरत. वंगण एरंडेलाचं, तेही धुराबरोबर बाहेर फेकलं जाई. काही डझन तासांतच इंजिन खोलायला घ्यावं लागे.

पुढेही हमखास दगा देई तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. अभियंते सॅम हेरन यांनी त्याच्या पोकळ दांड्यात सोडियम भरून उष्णतेला वाट काढून दिली. असे व्हॉल्व्ह असलेलं राइट जे-५ इंजिन १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्गला घेऊन पॅरिसपर्यंत साडेतेहतीस तास अखंड चाललं. ओ-३२० ची गोष्टही तीच. व्हॉल्व्हचा दांडा ७/१६ इंचाचा होता तोवर मुदत १२०० तास होती. अर्ध्या इंचाच्या दांड्याला २००० तास मिळाले. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा!

मुदत भरली की इंजिन उघडायचंच, या समजाला दुसऱ्या महायुद्धात तडा गेला. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडच्या शास्त्रज्ञांनी लिबरेटर विमानांच्या नोंदी चाळल्या. दर ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी वाढत आणि मग हळूहळू ओसरत. धड चाललेल्या यंत्राला हात लावणंच नडत होतं.

आज अमेरिकेत खाजगी मालकावर टीबीओ पाळण्याची कायद्यानं सक्ती नाही. तो तेलाचा फिल्टर कापतो, घडी उलगडून धातूची चमक दिसते का ते पाहतो, आणि सगळं ठीक असेल तर पुढे उडतो. महिन्याला ४० तास सातत्यानं उडणाऱ्या इंजिनाला लायकमिंग स्वतःच २०० तास वाढवून देतं. उलट, तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करा, असंही सांगतं. कारण गंज. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो; विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं.

आता खर्चाचं बघू. समजा, ओव्हरहॉलला ४०,००० डॉलर लागले. २००० तास उडणाऱ्यानं तासामागे २० डॉलर बाजूला टाकले की भागतं. वर्षाला ५० तास उडणाऱ्याचे बारा वर्षांत ६०० तासच भरतात. त्याला तोच तास ६७ डॉलरना पडतो. इंजिन जपायचं म्हणून विमान हँगरबाहेर न काढणाऱ्यानं हा हिशेब एकदा मांडून पाहावा.