धोत्र्याचा धूर ते दम्याचा पंप

फैजपूर म्हटले की आपल्याला १९३६ च्या डिसेंबरात भरलेले काँग्रेसचे अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. आज या परिसराची ओळख केळीच्या बागांमुळे आहे. पण आपण ज्या झाडाचा इतिहास पाहणार आहोत ते इथे कोणी लावत नाही. ते उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या कडेला, रस्त्याच्या काठाने आपले आपणच उगवते. कर्ण्यासारखे फूल, काटेरी फळ. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिला जाणारा हा धोत्रा. खानदेशी भरताचे वांगे ज्या कुळातले, त्याच कुळातला हा विषारी भाऊबंद.

धोत्रा विषारी आहे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने, चोर धोत्रा खाऊ घालून माणसाची शुद्ध कशी हरपवतात, हे लिहून ठेवले आहे. पण याच झाडाचा दुसरा गुणही लोकांना ठाऊक होता. त्याची वाळलेली मुळे वा पाने जाळून धूर ओढला की दम्याने कोंडलेला श्वास मोकळा होतो.

हा उपाय युरोपात पोचला तो मद्रासमार्गे. तिथले डॉ. जेम्स अँडरसन दमेकऱ्यांना धोत्र्याचा धूर देत. जनरल जेंट यांनी १८०२ साली हे औषध ब्रिटनमध्ये नेले आणि ते डॉ. सिम्स यांच्या हाती आले. भारतीय धोत्रा तिकडे सहज मिळेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी युरोपात उगवणारी धोत्र्याची जात वापरून पाहिली. तीही लागू पडली. मग दम्याच्या सिगारेटी आणि जाळायच्या भुकट्या निघाल्या व शंभराहून अधिक वर्षे औषधांच्या दुकानांत विकल्या गेल्या.

धुरात असे काय होते? १८३३ साली गायगर आणि हेसे या जर्मन रसायनतज्ज्ञांनी धोत्र्याच्याच कुळातल्या बेलाडोनापासून अ‍ॅट्रोपिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच जातीची अल्कलॉइडे धोत्र्यात असतात. पुढे त्यांचे कार्य उलगडले. आपल्या श्वासनलिकांभोवती स्नायूंचे वेढे असतात. व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन स्रवते आणि ते वेढे आवळले जातात. अ‍ॅट्रोपिन त्या रसायनाची जागा अडवते. वेढा सैल पडतो, नळी रुंदावते.

अडचण अशी की हेच रसायन शरीरात इतर अनेक ठिकाणी काम करते. म्हणून अ‍ॅट्रोपिनने तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावू लागते आणि मेंदूपर्यंत पोचले की माणूस बरळू लागतो. शिवाय झाडातल्या अल्कलॉइडांचे प्रमाण जातीप्रमाणे, झाडाच्या भागाप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलते. एका पानाने आराम पडला म्हणून दुसऱ्या पानानेही तेवढाच पडेल असे नाही. लहान मुलांना तर थोड्या मात्रेतही विषबाधा होते.

यावर तोड निघाली ती १९७० च्या दशकात. जर्मनीतील बोहरिंगर इंगेलहाइम या कंपनीने अ‍ॅट्रोपिनच्या रेणूतील नायट्रोजनला आणखी एक कार्बनी गट जोडला. त्यामुळे त्या नायट्रोजनवर कायमचा धन विद्युतभार आला. असा भारित रेणू पेशींच्या स्निग्ध पटलांतून सहज पार होत नाही. तो हुंगला की बराचसा फुप्फुसातच काम करतो, रक्तात थोडाच उतरतो आणि मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. हे इप्राट्रोपियम. दम्याचा जोराचा झटका आलेल्या मुलांना सॅल्ब्युटामॉलच्या जोडीला ते दिले तर रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी मुलांवर येते, असे चाचण्यांतून दिसले आहे. त्याचा दीर्घकाळ टिकणारा भाऊ म्हणजे टायोट्रोपियम. पंपातील स्टेरॉइड व दीर्घ परिणामाचे श्वासनलिका-विस्फारक घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात नव्हता, अशा ९१२ प्रौढ रुग्णांवरील त्याच्या चाचण्या २०१२ साली प्रसिद्ध झाल्या. नेहमीच्या औषधांत त्याची भर घातल्यावर तीव्र झटक्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाला.

इथे 'भर' हा शब्द महत्त्वाचा आहे. दम्यात स्नायू आवळतात तसा नलिकेचा आतला थरही सुजलेला असतो. अ‍ॅलर्जीमुळे येणारी ही सूज धोत्रा किंवा त्याची वंशज औषधे उतरवत नाहीत. ती उतरवते पंपातून घेतलेले स्टेरॉइड. म्हणून धुराने मोकळा झालेला श्वास पुन्हा कोंडत असे.

लोकपरंपरेतील प्रत्येक औषधाची वाट अशी सरळ गेली नाही. दमवेल या वेलीचे पान चघळल्याने दमा कमी होतो का, याची दिल्लीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. निष्कर्ष आशादायक होते. पण १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोणाला खरे औषध व कोणाला खोटे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवले असता, ठळक फरक आढळला नाही. परंपरा आपल्याला कुठे शोधायचे ते सांगते. सापडलेले खरे की नाही, हे चाचणीनेच ठरते.

हा इतिहास वर्गात सांगताना शिक्षकांनी एक गोष्ट निक्षून सांगावी असे आम्हाला वाटते. धोत्र्याचा धूर वा पाला कोणीही घरी करून पाहू नये. वर्गात दमा असलेले मूल असेल तर त्याचा पंप दप्तरात, हाताशी असू द्यावा. 'पंपाची सवय लागते' हा समज अजूनही पुष्कळ पालकांच्या मनात असतो आणि त्यापायी मुलांचे औषध मध्येच बंद होते. अशा पालकांना धोत्र्याची ही गोष्ट जरूर सांगावी. इप्राट्रोपियमच्या पंपात जे आहे त्याचे मूळ धोत्र्याच्याच कुळात आहे. फरक इतकाच की पंपात त्याचे विष आवरलेले आणि मात्रा मोजलेली आहे.