विणखात्याचा दरवाजा आणि संग्रहालय

कारखाना बंद पडला की कामगार घरी जातो; इमारत मात्र उभी राहते. तिचे पुढे काय करायचे हे ठरविणाऱ्यांनी त्या कारखान्यात बहुधा कधी काम केलेले नसते. म्हणून अशा इमारतीचे कलासंग्रहालय होते तेव्हा मला पडणारा पहिला प्रश्न कलेचा नसतो, इतिहासाचा असतो. कोणाची स्मृती जतन झाली आणि कोणाची पुसली गेली? लंडनच्या ‘टेट मॉडर्न’चे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

थेम्स नदीकाठचे बँकसाइड वीजकेंद्र १९४७ ते १९६३ या काळात दोन टप्प्यांत बांधले गेले. वास्तुविशारद होते गाइल्स गिल्बर्ट स्कॉट. सुमारे ४२ लाख विटा आणि ९९ मीटर उंचीचे धुरांडे अशी ही अवाढव्य वास्तू. केंद्र तेलावर चालत असे. १९७० नंतर तेलाचे भाव भडकले, वीज महाग पडू लागली आणि १९८१ मध्ये ते बंद झाले. पुढे टेट संस्थेने ही इमारत निवडली. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी ती पाडली नाही; यंत्रे काढून टर्बाइनचे भव्य दालन मोकळे ठेवले. मे २००० मध्ये तेथे आधुनिक कलेचे संग्रहालय सुरू झाले. कायमचा संग्रह पाहण्यास तिकीट नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

परंतु नाव कोणाचे लागले? टर्बाइन चालविणाऱ्यांचे नव्हे, तर १८९७ मध्ये उघडलेल्या मूळ टेट कलादालनाचा दाता हेन्री टेट याचे. तो साखरेचा कारखानदार. त्याने स्वतः गुलाम बाळगले नव्हते; ब्रिटनने गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पण ज्या साखरधंद्यावर तो श्रीमंत झाला तो धंदा कॅरिबियन बेटांवरील काळ्या गुलामांच्या श्रमावर उभा राहिला होता. दात्याचे नाव दगडावर कोरले जाते. ऊस तोडणाऱ्याचे कोठेच नसते. ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

याच टर्बाइन दालनात २००७ मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या कलावतीने जमिनीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली. कलाकृतीचे नाव ‘शिबोलेथ’. बायबलमधील कथेप्रमाणे नदीच्या उतारावर पळून आलेल्यांना हा शब्द उच्चारायला लावीत. ज्याचा उच्चार चुके त्याला ठार मारीत. बोलीवरून माणसाची जात हुडकणाऱ्या समाजात वाढलेल्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. वंशद्वेषाने माणसामाणसांत पाडलेली दरी साल्सेदोने युरोपच्या प्रतिष्ठित संग्रहालयाच्या पायाखालीच दाखविली. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजविली गेली, पण तिचा व्रण जमिनीवर राहिला.

हे मी सांगतो याचे कारण मुंबईतही गिरणीचे संग्रहालय करण्याचा प्रश्न आलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडत गेले. गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल आले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. त्यात साचे असतील, भोंगा असेल, चाळीचे देखावे असतील. पण विणखात्याचा दरवाजा असेल काय?

साच्यावर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण कामगारांनी त्याला विणखात्यात येऊ दिले नाही. विणखात्यात मजुरी जास्त, म्हणून बहिष्कारही पक्का. अस्पृश्यांच्या वाट्याला मुख्यतः कमी पगाराचे सूतकताईचे खाते आले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि विणखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी केली. मालकाविरुद्ध एकजुटीची भाषा करणारे हात खात्याच्या दारात मात्र आडवे होत होते. १९३८ मध्ये मनमाडला बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यामागे गिरणीतला हा अनुभवही होता, असे मला वाटते.

गिरणी कामगारांच्या इतिहासात मालक आणि मजूर एवढीच दोन पात्रे दाखविली तर तो इतिहास अर्धाच राहील. स्मारकासाठी इंदू मिलच्या जमिनीची मागणी आपण केली, ती रास्तच होती. आता गिरणीच्या आतल्या इतिहासाचीही मागणी केली पाहिजे. संग्रहालयात धोटा ठेवायचा असेल तर तो कोणाच्या तोंडाला लागू दिला नाही हेही त्याच काचेत, ठळक मराठीत लिहिले पाहिजे. आपले वृद्ध गिरणी कामगार हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी, पगारपत्रके, हजेरीची कार्डे गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी अंगावर घ्यावे. ते महापालिकेवर सोपवून चालणार नाही.