मैत्रीचे पाय

संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनातून पुण्याकडे निघालं की चौथं स्टेशन दापोडी. तिथे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, सीएमई. उलट बाजूला भोसरी ओलांडली की दिघी, आणि दिघीत डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था. समुद्र इथून खूप दूर. तरीही अंटार्क्टिकावरचं आपलं 'मैत्री' हे संशोधन केंद्र ज्या पोलादी पायांवर उभं आहे, त्यांची कुळकथा सांगायची तर या परिसरात यावंच लागतं.

कथेची सुरुवात मात्र गोव्याची. 6 डिसेंबर 1981 रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम घेऊन 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं जहाज मार्मगोव्याहून निघालं. मोहिमेचे प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्यासह एकवीस जण होते, आणि मोहिमेचा गाजावाजा मुद्दाम टाळला होता. 9 जानेवारी 1982 ला ते अंटार्क्टिकावर उतरले. डिसेंबर-जानेवारी निवडण्याचं कारण सरळ आहे. समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशाला गोठतं. सप्टेंबरात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ साधारण 1.8 कोटी चौरस किलोमीटर पसरतो, फेब्रुवारीत तो तीसेक लाखांपर्यंत आक्रसतो. या फटीतच जहाज आत घुसवायचं आणि बाहेर काढायचं. गोठताना पाणी मीठ बाहेर टाकतं, म्हणून बर्फाखालचं पाणी खारट, जड होऊन तळाशी जातं. जगातल्या महासागरांच्या तळाशी असलेल्या थंड पाण्याचा एक मोठा स्रोत हाच. शास्त्रज्ञांना त्याचं अप्रूप, पण कप्तानाला वाऱ्याने सरकणाऱ्या लाद्यांची धास्ती. वारा फिरला की मोकळी वाट मिटते.

ही धास्ती पोकळ नाही. 2002च्या जूनमध्ये 'माग्दालेना ओल्डेनडॉर्फ' हे जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलं. मैत्रीच्या शेजारच्या नोवोलाझारेव्हस्काया केंद्रावरचे रशियन शास्त्रज्ञ त्यावर होते, एकूण माणसं शंभराहून जास्त. दक्षिण आफ्रिकेच्या 'अगुल्हास'च्या हेलिकॉप्टरांनी बहुतेकांना काढलं. जहाजाने मात्र हिवाळा तिथेच काढला.

आता पाय. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत लष्कराच्या अभियंत्यांनी 'दक्षिण गंगोत्री' उभारलं, तेही किनाऱ्यालगत समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्ट्यावर. जहाजातून उतरवलेला माल जवळच जुळवायचा, हिवाळ्याआधी छप्पर करायचं. घाईत ते शहाणपणाचंच होतं. पण वाऱ्याने येणारा बर्फ इमारतीला अडून साचत गेला आणि केंद्र हळूहळू गाडलं गेलं. 1990 मध्ये ते बंद झालं. आपल्या अभियंत्यांना नावं ठेवण्याआधी ब्रिटिशांकडे पाहावं. त्यांची हॅली केंद्रं तशीच एकामागून एक, चार वेळा बर्फाखाली गेली. पाचवं त्यांनी खांबांवर चढवलं, 1989-90च्या सुमारास.

त्याच काळात आपलं मैत्री आलं. जागा बदलली. शिर्माकर टेकड्यांचा उघडा खडक, प्रियदर्शिनी सरोवराजवळ, दक्षिण गंगोत्रीपासून साधारण 90 किलोमीटर आत. दिघीच्या संस्थेने आराखडा केला तो पोलादी पायांवर उभ्या इमारतीचा. वारा खालून निघून जातो, बर्फ भिंतीला धरत नाही. बांधणाऱ्यांना लागणारा प्रत्येक खिळा पुन्हा त्याच समुद्रबर्फातून जहाजाने यायचा, म्हणून भाग सुटे आणि जोडणी तिथे. 1989 पासून मैत्री चालू आहे.

कूळ पुढेही वाढलं. 2012 मध्ये लार्समन टेकड्यांवर उभं राहिलेलं 'भारती' 134 मालवाहू कंटेनर जोडून बनवलं आहे. जर्मन वास्तुविशारदांचा आराखडा, वरून गुळगुळीत आवरण, आणि खाली तेच पाय. मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीत दिघीचं नाव फार क्वचित घेतलं जातं. मोहिमांचे पत्ते गोव्याचे असतात. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे, आणि अंटार्क्टिकावरचं आपलं टपाल कार्यालयही गोवा विभागाच्याच अखत्यारीत येतं.