वेस, नाका आणि चौफुली : जालना नगरातील वस्त्यांच्या लोकमान्य सीमा

नगराचा इतिहास लिहिताना नगराची हद्द कोठे संपते हा प्रश्न अभ्यासकाला प्रथम पडतो. परंतु नगराच्या आतील हद्दींचा विचार मात्र बहुधा राहून जातो. एक पेठ कोठे सरते आणि दुसरी कोठे लागते, अमुक घर या मोहल्ल्यातले की पलीकडच्या गल्लीतले, याचा निर्णय दप्तरात एका रीतीने होतो आणि रहिवाशांच्या बोलण्यात दुसऱ्या रीतीने. दप्तरी सीमा ही नकाशावरील रेषा असते व ती एका आदेशाने बदलता येते. लोकमान्य सीमा कोणत्याही आदेशाने ठरलेली नसते, आणि म्हणूनच ती आदेशाने सहसा पुसलीही जात नाही. या दुसऱ्या प्रकारच्या सीमेकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे, याचा विचार जालना नगराच्या आधारे येथे केला आहे. त्याच जिल्ह्यातील अंकुशनगर ही अगदी अलीकडची वस्ती तुलनेसाठी शेवटी घेतली आहे.

१. नदी आणि दोन गावे

जालना हे कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले नगर आहे. आज ते एक नगर असले, तरी त्याची घडण दोन गावांची आहे. एका तीरावर मूळ जालना आणि समोरच्या तीरावर कादराबाद, असे त्याचे जुने रूप होते. निजामी राजवटीतील गॅझेटियरकारांनीही ही दोन स्थळे परस्परांसमोर उभी असलेली म्हणूनच वर्णिली आहेत. पुढे पलीकडची वस्ती व्यापाराने वाढली आणि ‘जुना जालना’ व ‘नवा जालना’ हे शब्द रूढ झाले. तथापि कादराबाद हे नाव लोपले नाही. पूर्वी एका संपूर्ण गावाचे असलेले ते नाव आता नव्या जालन्याच्या एका भागापुरते उरले आहे. गावाच्या नावाचा असा संकोच होऊन ते मोहल्ल्याचे नाव बनणे ही नगरवाढीची एक निश्चित खूण आहे. नगर जेव्हा शेजारच्या गावाला गिळते, तेव्हा त्याचे नाव नाहीसे होत नाही. ते केवळ आकुंचन पावते.

‘जुना’ आणि ‘नवा’ हे शब्दही काळजीपूर्वक घेतले पाहिजेत. नव्या जालन्यातील प्रत्येक वास्तू जुन्या जालन्यातील प्रत्येक वास्तूहून अलीकडची आहे, असा त्यांचा अर्थ नव्हे. हे शब्द कालवाचक दिसले तरी व्यवहारात ते स्थलवाचक आहेत. ‘नदीच्या अलीकडे’ आणि ‘नदीच्या पलीकडे’ एवढाच त्यांचा आशय. जुन्या जालन्यात काल बांधलेले घरही जुन्या जालन्यातीलच ठरते.

येथे भाषेचा एक महत्त्वाचा पुरावा उपलब्ध आहे. जुन्या जालन्यातील पोलीस ठाण्याचे नाव ‘कदीम जालना’ असे आहे. ‘कदीम’ हा अरबी मूळ असलेला शब्द हैदराबाद राज्याच्या उर्दू दप्तरातून आला. त्याचा अर्थ ‘जुना’ असाच. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद राज्यातील निजामी सत्ता संपली, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. दप्तराची भाषा पालटली, परंतु ठाण्याच्या पाटीवर ‘कदीम’ राहिले. लोक बोलताना ‘जुना जालना’ म्हणतात, फिर्याद मात्र ‘कदीम’ला नोंदवतात. एकाच सीमेला दोन भाषांतील दोन नावे असून दोन्ही जिवंत आहेत. सीमा दोन राजवटींहून दीर्घायुषी ठरल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

२. दरवाजा, नाका, चौफुली

नदी ही निसर्गदत्त सीमा झाली. मनुष्यकृत सीमांमध्ये पहिले स्थान तटाचे व वेशीचे. जालन्याचा तट ढासळला. तथापि मूर्ती दरवाजा व हैदराबाद दरवाजा ही नावे टिकली. कादराबादेत ‘पाणीवेस’ हे स्थलनाम आजही चालते. निजाम आसफजाहाच्या आज्ञेने 1725 मध्ये बांधलेल्या गढीमुळे ‘मस्तगड’ हे नाव वस्तीला चिकटले. एकोणिसाव्या शतकात जालन्याला फौजेची छावणी होती. ती विसाव्या शतकाच्या आरंभी उठली. छावणीच्या मुख्य बाजाराला ‘सदर बाजार’ म्हणण्याची रीत सर्वत्र होती. छावणी गेली, पण जालन्यात सदर बाजार हे पेठेचेही नाव राहिले आणि पोलीस ठाण्याचेही.

या नावांपुढे भोकरदन नाका, अंबड चौफुली आणि मंठा चौफुली ही अलीकडची नावे ठेवून पाहिली असता एक सातत्य ध्यानात येते. हैदराबाद दरवाजा हे नाव जसे त्या दरवाजातून निघणाऱ्या वाटेच्या अंतिम गावावरून पडले, तसेच भोकरदन नाका व अंबड चौफुली ही नावेही पडली. दरवाजा तटाच्या काळातला, नाका जकातीच्या काळातला, चौफुली मोटाररस्त्यांच्या काळातली. साधने बदलली, परंतु नाव ठेवण्याची दृष्टी एकच राहिली. रहिवाशाच्या लेखी सीमा म्हणजे ज्या ठिकाणाहून बाहेर पडले असता आपण ‘बाहेर’ होतो ते ठिकाण. तो सीमा बिंदूने सांगतो, रेषेने नव्हे. दोन बिंदूंच्या मधली हद्द कशी जाते असे विचारल्यास त्याच्यापाशी नेमके उत्तर नसते, आणि त्याला त्याची गरजही भासत नाही.

अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बॉस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस या नगरांतील रहिवाशांच्या मनातील नगरचित्राचे मार्ग, कडा, विभाग, संगमबिंदू व खुणा असे पाच घटक सांगितले. जालन्याचे उदाहरण त्यांच्या विवेचनाशी बरेचसे जुळते. मात्र लिंच यांचा भर मुख्यतः दृष्टीला जे दिसते त्यावर आहे. जालन्यासारख्या नगरात जे आता दिसत नाही तेही सीमा म्हणून काम करते. तट नसताना वेस आहे, छावणी नसताना सदर बाजार आहे. ही सीमा डोळ्यांनी नव्हे, शब्दाने राखलेली आहे.

३. चतुःसीमेचे शास्त्र

लोकांच्या या रीतीला अडाणीपणा समजण्याचे कारण नाही. कायद्यानेही ती मान्य केली आहे. जुन्या खरेदीखतांत मिळकतीची ओळख चतुःसीमेने दिली जाई : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याची पडीक जागा, उत्तरेस बोळ. उर्दू दप्तरात यालाच ‘हुदूद-ए-अर्बा’ म्हणत. 1908 च्या नोंदणी कायद्यातही नगरातील घराचे वर्णन ते कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यात आज कोण राहतो व पूर्वी कोण राहत असे, आणि क्रमांक असल्यास तो कोणता, या क्रमाने करावयास सांगितले आहे. क्रमांक शेवटी येतो, शेजार आधी येतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये झाली. तिने गावठाणाची हद्द ठरविण्याची व गावठाणातील जमिनीच्या भूमापनाची तरतूद केली. जेथे असे भूमापन झाले तेथे मिळकतीला क्रमांक मिळाला व रेषा निश्चित झाली. हा मोठाच लाभ होता. शेजारी मेला, घर विकले गेले, बोळ बुजला, की चतुःसीमेचा अर्थ लावणे अवघड होते. क्रमांकाला ती अडचण नाही. परंतु क्रमांकाला स्मृतीही नाही. चतुःसीमेत चार शेजाऱ्यांची नावे, त्यांचे धंदे, बुजलेली विहीर, पडलेला तट हे सारे नोंदले जाते. एका गल्लीतील पन्नास वर्षांची खरेदीखते ओळीने लावली, तर त्या गल्लीचा सामाजिक इतिहास त्यांतून उभा राहू शकतो. भूमापन-क्रमांकांच्या यादीतून तो उभा राहत नाही.

४. पुणे व औरंगाबाद : दोन तुलना

जालन्यातील द्विनामी सीमा हा सार्वत्रिक नियम मानता येणार नाही. पुण्यात याच्या उलट घडले. बुधवार पेठेला औरंगजेबाने 1703 मध्ये मुहियाबाद असे नाव दिले होते, शनिवार पेठेचे पूर्वीचे नाव मुर्तझाबाद होते. पेशवाईत वारांची नावे दृढ झाली आणि आधीची नावे केवळ अभ्यासकांच्या टिपणांत उरली. औरंगाबादेत मोगल सरदारांनी आपापल्या गोटाभोवती पुरे वसविले. करणपुरा, पद्मपुरा, जयसिंगपुरा व पहाडसिंगपुरा ही नावे त्याची साक्ष देतात. सरदार गेले, सैन्य गेले, 2023 मध्ये नगराचे अधिकृत नावही छत्रपती संभाजीनगर झाले, तरी पुऱ्यांची नावे चालूच आहेत. त्याच नगरात सिडकोने वसविलेल्या भागांना मात्र ‘एन’ हे अक्षर व आकडा अशी नावे मिळाली, आणि तीही लोकांनी स्वीकारली.

या तुलनेतून एवढे म्हणता येते की, ज्या नावाला रोजच्या व्यवहारात काम उरते ते टिकते. मुहियाबादला बुधवार पेठेने बेकार केले. कादराबादला तसे कोणी बेकार केले नाही, कारण ‘नवा जालना’ हे नाव त्याहून मोठ्या क्षेत्राचे होते. लहान क्षेत्रासाठी जुन्या नावाची गरज राहिली.

५. सीमेची दुसरी बाजू

लोकमान्य सीमा म्हणजे केवळ आपुलकीची खूण, असा समज करून घेणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. महाराष्ट्रातील गावांत व नगरांत सर्वांत काटेकोरपणे पाळली गेलेली लोकमान्य सीमा जातीची होती. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही नावे कोणत्याही भूमापकाने दिलेली नव्हती. ती लोकांनीच दिली आणि लोकांनीच राखली. तेथे वेस ही प्रवेशाची जागा नसून मज्जावाची जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही स्वतंत्र वसाहत वसविली. धर्मांतरितांसाठी नवी वस्ती उभारावी लागणे, यातच जुन्या वस्तीच्या सीमा किती कठोर होत्या हे दिसते. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी पर्यायी नावे सुचविली.

हा निर्णय न्याय्य आहे. परंतु वर सांगितलेल्या नियमाने पाहता, नाव बदलल्याने सीमा आपोआप बदलत नाही. ‘कदीम’चे ‘जुना’ झाले तरी सीमा राहिली. तसेच वाड्याचे नगर झाले तरी पाण्याची, रस्त्याची व सोयरिकीची सीमा राहू शकते. म्हणून संशोधकाने नव्या नावाची तारीख नोंदवून थांबू नये. नाव बदलल्यानंतर त्या सीमेवरील येणेजाणे बदलले की नाही, हेही पाहिले पाहिजे.

६. अंकुशनगर : घडत असलेली सीमा

अंबड तालुक्यातील अंकुशनगर येथे ही प्रक्रिया आरंभापासून पाहता येते. समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ही वस्ती उभी राहिली, व अंकुशराव टोपे यांच्यावरून तिला नाव मिळाले. मूळ गाव महाकाळा. पत्त्यात आजही दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली जातात. जालन्यात कादराबादचे नाव आकुंचन पावले. येथे नवे नाव जुन्या गावाच्या शिवारात जागा करून घेत आहे. कारखान्याच्या वस्तीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तिची लोकमान्य सीमा ऋतुमानाने हलते. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात आणि वस्ती पसरते. हंगाम संपताच ती आवरते. कोपीत राहणाऱ्याला त्या वस्तीचा रहिवासी मानावयाचे की नाही, हा प्रश्न नकाशा विचारीत नाही. शाळा, शिधा व दवाखाना यांच्या दारात मात्र तो दरवर्षी उभा राहतो.

जालना 1 मे 1981 रोजी जिल्हा झाला आणि 2023 मध्ये तेथे महानगरपालिका आली. प्रभागांची रचना यापुढेही पालटत राहील, त्यांना क्रमांक मिळतील आणि जुनी नावे दप्तरातून क्रमाने गळतील. आज ज्यांना पाणीवेस, कादराबाद व मस्तगड यांच्या हद्दी तोंडी सांगता येतात, त्यांच्यानंतर त्या सांगणारे कमी होतील. आणि नावांचा मेळ तुटला, तर जुन्या खतांतील चतुःसीमाही वाचता येणार नाहीत. तेव्हा खरेदीखते, पालिकेच्या घरपट्टीच्या वह्या आणि रहिवाशांचे कथन ही तिन्ही साधने शेजारी शेजारी ठेवून एकेका वस्तीच्या नावांची व सीमाबिंदूंची सूची तयार करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आणि विलंब न साहणारे काम आहे. तीत आपुलकीच्या सीमांबरोबर मज्जावाच्या सीमांचीही नोंद झाली, तरच तिला इतिहासाचे साधन म्हणता येईल.